भिंतीची कीर्द

सोलच्या भुयारी रेल्वेत सकाळी कुणी कुणाशी बोलत नाही. तुम्ही एक नंबरच्या निळ्या मार्गाची दक्षिणेकडे जाणारी गाडी पकडता आणि दाराशी उभे राहता. थोड्या वेळाने गाडी उजेडात येते, खडखडत हान नदी ओलांडते आणि पलीकडच्या नोर्यांगजिन स्थानकात थांबते. नदी ओलांडायला तिला जेमतेम एक मिनिट लागतं. हे मिनिट लक्षात ठेवा. दुपारी पुन्हा ही नदी लागणार आहे.

तासाभरात सुवॉन येतं. तिथून बसने पाल्दालमुनला, म्हणजे शहराच्या दक्षिण दरवाजापाशी. दगडी कमानीवर दुमजली लाकडी मनोरा असलेला हा दरवाजा वाहनांच्या वर्तुळात अडकून एकटाच उभा आहे. दोन्ही अंगांची भिंत वाढत्या शहराने गिळली. शेजारच्या बाजारात मासळी, सुकवलेल्या लाल मिरच्या, वाफाळणाऱ्या टोपल्या. गल्लीच्या तोंडाशी मोठ्या कढईत अख्खी कोंबडी तळली जातेय. भूक लागली तरी आत्ता थांबू नका.

दरवाजाच्या दगडावर काही चिनी अक्षरं कोरलेली आहेत. हा राजाचा शिलालेख असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. काम कुणाच्या देखरेखीखाली झालं ते त्यात आहे, आणि त्याच दगडावर पाथरवटाचंही नाव आहे. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतात, कमळं असतात, गणपती असतो. दगड फोडणाऱ्याचं नाव शोधावं लागतं. इथे दरवाजात शिरतानाच ते भेटतं. का, ते पाहायला वर चढावं लागेल.

पश्चिमेला पाल्दाल डोंगर. भिंतीला लागून पायऱ्या आहेत, आणि चांगल्याच उभ्या आहेत. एका पायरीला एक वर्ष, असं मागे जायचं. सुरुवातीलाच उंच इमारती एकेक करून खाली बसतात. मग विजेचे खांब जातात. 1905 च्या पायरीवर आगगाडीची शेवटची शिटी ऐकू येते. तिच्या मागे इथे रुळच नाहीत. तुमच्या हाताखालची भिंत आधी जुनी होते, मग नवी होते, मग अर्धवट होते आणि मग नसतेच. माथ्यावर पोहोचता तेव्हा ज्या सेनापतीच्या चौथऱ्यावर टेकायचं ठरवलं होतं, तो अजून बांधलेलाच नाही. 1794 चा उन्हाळा आहे. अंगाला कपडे चिकटलेत. खालून छिन्नी-हातोड्यांचा आवाज येतोय, शेकडो ठिकाणांहून एकदम.

खालचं गाव पाच वर्षांचं आहे. जुनं सुवॉन इथून दक्षिणेला, ह्वासान टेकडीच्या पायथ्याशी होतं. 1789 मध्ये राजा जॉंगजोला आपल्या वडिलांच्या कबरीसाठी तीच जागा उत्तम वाटली, म्हणून घरांचे पैसे देऊन अख्खं गाव इकडे हलवलं गेलं. आता या नव्या गावाभोवती भिंत उठतेय. तिची रेषा आधी निशाणं रोवून आखली. तेव्हा लक्षात आलं की उत्तरेकडची काही घरं भिंतीबाहेर पडताहेत. ती पाडावीत असा सल्ला दरबारात निघाला. राजाने सांगितलं, घरं राहू द्या, भिंत वाकवा. तीनदा वाकवावी लागली तरी चालेल. तुम्ही वरून पाहता आहात ती रेषा म्हणूनच सरळ नाही. विलोच्या पानासारखी ती कुठे फुगते, कुठे आत येते.

तुम्ही खाली उतरता आणि कामावर लागता. सुट्टी घेऊन आलेल्या माणसाने दगड का उचलावेत, असं विचारू नका. इथे रिकामा उभा राहणारा माणूस उठून दिसतो. बाजूच्या एका डोंगराचं नाव सुकजीसान. नावाचा अर्थ होतो, ‘कुणास ठाऊक’. या डोंगरात इतका दगड असेल हे खरंच कुणाला ठाऊक होतं? पाथरवट खडकावर ओळीने भोकं पाडतात, त्यांत लाकडी पाचरी ठोकतात आणि वरून पाणी ओततात. लाकूड फुगतं. बराच वेळ काही होत नाही. मग कणा मोडावा तसा एक आवाज येतो आणि खडक ओळीत दुभंगतो. अशा एकूण सुमारे 1,87,600 दगडांची नोंद होणार आहे, शिवाय सुमारे 6,95,000 विटांची.

पुढच्या वळणावर माणसांची गर्दी एका लाकडी चौकटीभोवती आहे. चौकटीत वर चार आणि खाली चार कप्प्या, दोन्ही बाजूंना रहाट. रहाट फिरतो, दोर ताणतात, आणि बैलजोडीलाही न हलणारा दगड हळूच जमीन सोडतो. याला कॉजुंगी म्हणतात. तिशीतल्या जॉंग याक-योंग नावाच्या विद्वानाने 1792 मध्ये, स्वतःच्या वडिलांच्या सुतकात घरी बसलेला असताना, राजाच्या सांगण्यावरून हा आराखडा केला. आधाराला राजाने वाड्यातून एक चिनी ग्रंथ धाडला होता. त्यात युरोपातल्या यंत्रांची चित्रं होती. तीस माणसं या यंत्राने सुमारे सात टनांचा दगड उचलू शकतात. यंत्र मात्र एकच आहे. बाकीचे दगड गाड्यांवर, घसरपट्ट्यांवर आणि तुमच्यासारख्यांच्या खांद्यावरच येतात.

दुपारी एक कारकून मांडी घालून बसतो. पुढ्यात कागद, हातात कुंचला. माणसं ओळीने येतात. ही वेठबिगार नाही. प्रत्येकाला रोज मिळतो, आणि अर्धाच दिवस काम केलं तर अर्ध्या दिवसाचा हिशोब होतो. म्हणूनच नाव अचूक हवं. अडचण अशी की गरिबांच्या नावांना चिनी अक्षरं नाहीत. पुढचा माणूस सांगतो, ‘क्खन-नोम’. म्हणजे थोरला पोरगा, आपल्याकडचा मोठ्या. घरात जी हाक मारत तेच त्याचं नाव. कारकून क्षणभर थांबतो. मग ‘मोठा’साठी एक अक्षर आणि उरलेल्या उच्चारासाठी मिळतीजुळती दोन अक्षरं जोडून ती हाक कागदावर उतरवतो. त्याच्यामागे धाकट्या. त्याचंही नाव तसंच लागतं. सहाशेहून अधिक पाथरवट, तीनशेहून अधिक सुतार, गवंडी, लोहार, रंगारी. नाव, गाव, दिवस.

तुमची पाळी येते. तुम्ही तुमचं मराठी नाव सांगता. कारकून मान वर करून तुमच्याकडे बघतो.

“पुन्हा सांग.”

तुम्ही पुन्हा सांगता. मागचे हसतात. कारकून कुंचला शाईत बुडवतो, तुम्हाला नखशिखांत न्याहाळतो आणि काहीतरी लिहून मोकळा होतो. काय लिहिलं, ते तुम्हाला वाचता येत नाही. मोठ्या तुमच्या पाठीवर थाप मारतो. ते लंब्या असावं, असं समजून तुम्ही पुढे सरकता.

संध्याकाळी औषधाच्या गोळ्या वाटल्या जातात. उन्हाने माणसं आजारी पडताहेत, हे ऐकून राजाने उष्माघातावरच्या चार हजार गोळ्या पाठवल्या आहेत. मोठ्या ती गोळी लगेच गिळत नाही. कमरेच्या चिंधीत बांधून ठेवतो. घरी कुणीतरी आजारी असेल. तुम्ही विचारत नाही.

भिंतीवरून उत्तरेकडे चालत राहिलं की दुष्काळामुळे काम बंद पडलेले महिने मागे पडतात. सगळं मिळून सहा महिने काम थांबलं होतं. पश्चिम दरवाजाची जागा ओलांडून जांगानमुनपाशी याल तेव्हा 1795 चा मार्च संपत आलेला असेल. याच महिन्यात तिकडे खर्ड्याच्या मैदानावर मराठे आणि निजाम समोरासमोर आले होते. इथल्या पंचांगात अधिक महिना चालू आहे. आपल्यासारखंच त्यांचंही चांद्र वर्ष सूर्याला गाठायला मधूनच एक महिना जास्तीचा घेतं. डोंगरावर गुलाबी फुलं फुटताहेत, ओढ्याकाठचे विलो हिरवट झालेत.

जांगानमुन हा उत्तर दरवाजा, आणि या शहरात तोच मुख्य. राजधान्यांचा मानाचा दरवाजा एरवी दक्षिणेला असतो. पण इथला राजा येतो उत्तरेकडून, सोलहून. म्हणून मान उत्तरेला. तुम्ही सकाळी तासाभरात कापलेलं अंतर त्याला दोन दिवसांचं आहे. काल त्याने हान नदी ओलांडली, नोर्यांगजिनलाच. 36 होड्या काठाला काठ लावून बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि मिरवणूक त्या पुलावरून चालत गेली. आता ते सकाळचं मिनिट आठवा.

निशाणं आधी दिसतात. मग ढोल, तुताऱ्या, धनुर्धारी, घोड्यांवरच्या दासी. लोक रस्त्याच्या कडेला दाटलेत. नजर खाली घालायची सक्ती नाही. बघायला आलेल्यांना बघू दिलं जातंय. राजाच्या वाटेत थाळी बडवून फिर्याद मांडायचीही मुभा आहे. दोन घोड्यांच्या मधे तोललेली एक पालखी येते. तिच्यात राजाची आई, ह्येग्यंग. तिच्यामागे राजा, घोड्यावर. स्वतःसाठी पालखी असूनही तो घोड्यावरच बसलाय, तोही आईच्या मागे.

ही सगळी मिरवणूक पुढे चित्रात उतरेल: 63 पानं, 1,779 माणसं, 779 घोडी. खोगीर, निशाणाचा रंग, पालखीचा कळस, सगळं नेमकं. त्या चित्रात तुम्ही राजाला शोधाल. राजाचा घोडा सापडेल, त्याच्याभोवतीचे रक्षक सापडतील. पण खोगीर रिकामं. राजाची आकृती अशा चित्रात काढायची नाही, असा दंडक होता. थोडक्यात, राजाची जागा मोकळी सोडणाऱ्या दरबाराने हमाल मोठ्याचं नाव मात्र लिहून ठेवलं.

तीन दिवसांनी तुम्ही डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यात आहात. इथली सगळी इमारत राजाच्या मुक्कामासाठी. बोंगसुदांग नावाच्या दिवाणखान्यात आज आईची साठीशांत आहे. आपण जशी साठ संवत्सरं मोजतो तशीच तीही साठ वर्षं नावांनी मोजतात. 1735 च्या वर्षाचं नाव यंदा पुन्हा आलंय, जन्मवर्ष फिरून भेटलंय. पुढ्यात सत्तर पदार्थांचं ताट. पदार्थ वाढलेले नाहीत, रचलेले आहेत, मनोऱ्यासारखे. त्यांवर कागदाची आणि रेशमाची फुलं. राजा वाकून आईला मद्याचा प्याला देतो. सगळे एका सुरात तिला हजार वर्षं चिंततात. नर्तकी एक रंगवलेली होडी ओढत अंगणात येतात.

तुमचं लक्ष आईकडे जातं. ती फारशी बोलत नाही.

1735 मध्ये जन्मलेलं आणखी एक माणूस आज इथे असायला हवं होतं. तिचा नवरा, युवराज सादो. तोही यंदाच साठीचा झाला असता. 1762 च्या उन्हाळ्यात त्याच्या बापाने, म्हणजे तेव्हाच्या राजाने, त्याला तांदळाच्या लाकडी पेटीत कोंडायला लावलं. मुलगा वेडाच्या भरात माणसं मारत होता, गादीला धोका होता, दरबारात तट पडले होते; कारणं सांगणारे पुष्कळ. सादोचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. बाबांना सोडा म्हणून तो आजोबांच्या पाया पडला. त्याला दूर नेण्यात आलं. आठव्या दिवशी पेटीत हालचाल उरली नाही.

आईला घेऊन निघालेली ही सहलही आठच दिवसांची आहे. यामागे काही योजना होती, असं कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही मनातल्या मनात मोजता आणि गप्प बसता.

पेटीतल्या आठ दिवसांबद्दल मात्र लिहिलेलं होतं. दरबाराची रोजनिशी लिहिणाऱ्या कारकुनांनी 1762 चे ते दिवस नोंदवले होते. 1776 मध्ये, गादीवर येण्याच्या थोडंच आधी, याच नातवाने आजोबांना विनंती केली की वडिलांबद्दलची ती पानं नाहीशी करावीत. आजोबांनी मान्य केलं. पानं सोलबाहेरच्या एका ओढ्यावर नेऊन धुण्यात आली. हाताने केलेला तो कागद. शाई पाण्यात सुटत गेली आणि वाहून गेली.

ती पानं धुवायला लावणारा माणूस आता तुमच्यासमोर आईला प्याला देतोय. आणि याच माणसाने या शहरात प्रत्येक विटेचा, प्रत्येक खिळ्याचा, मोठ्याच्या अर्ध्या रोजाचा हिशोब लिहायला लावला आहे. भिंतीमागे राजकारण होतं, हे खरंच. सोलमधल्या जुन्या घराण्यांपासून दूर स्वतःची फौज, शेतीचं उत्पन्न आणि व्यापार असलेलं शहर त्याला हवं होतं. पण तेवढ्यासाठी धाकट्याचं नाव कशाला लागतं? तुम्हाला वाटत राहतं की एका माणसाचा मृत्यू कागदावर राहणं त्याला सोसवलं नाही, म्हणून हजारोंचं जगणं त्याने कागदावर नीट मांडून घेतलं.

ह्येग्यंग या वर्षी स्वतःही लिहायला बसणार आहे. तिच्या आठवणींचा पहिला भाग 1795 चाच. त्यात पेटीभोवती ती जपून फिरते. तो प्रसंग पूर्ण सांगायला तिला आणखी दहा वर्षं लागतील. तेव्हा मुलगाही उरलेला नसेल.

वाड्यातून निघून ओढ्यापाशी या. इथे भिंत पाणी अडवत नाही. सात कमानींवरून पलीकडे जाते. ह्वाहोंगमुन. कमानींखालून पाणी फेसाळत येतं, खालच्या दगडांवर बायका कपडे धोपटताहेत. लगतच्या उंचवट्यावर एक नाजूक, कोपऱ्याकोपऱ्यांचा मंडप आहे. नाव काव्यमय, बांगह्वा-सुर्यु-जॉंग, काम मात्र पहारा देण्याचं. आत बसा. वर्षं आता पुढे सरकतील, आणि भराभर.

1796 च्या शरदात भिंत पुरी होते, पावणेसहा किलोमीटरची. दहा वर्षं लागतील असं म्हणत होते. तीन पुरी लागली नाहीत. 1800 मध्ये राजा जातो, पन्नाशीही न गाठता. 1801 मध्ये कामाचा अहवाल छापून होतो. दरवाजांची उभी-आडवी चित्रं, कॉजुंगीचे सुटे भाग, मजुरांची यादी, सगळं त्यात आहे. मग शंभर वर्षं त्याची कुणाला फारशी गरज पडत नाही.

जपानी अंमल येतो. जिथे साठीशांत झाली तिथे रुग्णालय भरतं. वाड्याचा बहुतेक भाग जातो. 1922 च्या पुरात तुमच्या पायाखालचं ह्वाहोंगमुन वाहून जातं, पुढे पुन्हा उभं राहतं. 1950 मध्ये युद्ध पेटतं आणि सुवॉन या सैन्याकडून त्या सैन्याकडे जात राहतं. मंडपातून डावीकडे वळून पाहा. जांगानमुनवरचा लाकडी मनोरा नाही. दगडी कमान उरली आहे, वर आकाश. बायका आता कपडे धूत नाहीत. ओढा तेवढा चालू आहे.

1975 च्या सुमाराला कुणीतरी त्या कमानीखाली तो 1801 चा अहवाल उघडून बसतं. खांब किती जाड, तुळई किती लांब, वासा कुठे बसतो, कौलं किती. सगळं आहे. चार वर्षांत मनोरा पुन्हा उठतो. त्यानंतर वाडाही त्याच पानांवरून उभा राहतो. 1997 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत या भिंतीचं नाव लागतं. इतकं पुन्हा बांधलेलं त्या यादीत कसं शिरलं, तर कागद हाताशी होता म्हणून. तुम्ही सकाळी ज्या भिंतीला हात लावून चढलात, तिच्यात मोठ्याने वाहिलेले दगडही आहेत आणि त्याच्या हजेरीच्या वहीतून परत आलेली भिंतही. कुठली कुठली, ते हाताला कळत नाही.

पूर्व दरवाजा, मग पाच धुराड्यांची संकेतज्योत. रात्री एका धुराड्यातून जाळ दिसला तर सगळं ठीक. दोन, तीन, चार, पाच पेटत गेली तर संकट तितकं जवळ. पुढे भिंत उतरते आणि बाजारापाशी संपते. संध्याकाळ झाली आहे. तळलेली कोंबडी आता खाऊन घ्या. दुकानातली बाई तुम्हाला मुळ्याचं लोणचं न मागता आणखी वाढते आणि हिशोब लिहिण्याच्या यंत्रावर बोटं मारते. पावती देते. तीवर तारीख आहे, वेळ आहे, रक्कम आहे. ती तुम्ही एरवी चुरगाळून टाकली असती. आज घडी करून खिशात ठेवता.

परतताना रेल्वेने जाऊ नका. सोलकडे जाणारी बस घ्या, उत्तरेच्या जुन्या रस्त्याने. सुवॉनची हद्द संपताना एक छोटी खिंड लागते. रहदारीच्या कडेला झाडांत एक दगडी स्मारक आहे, 1807 चं; त्यावर युद्धातल्या गोळ्यांच्या खुणा आहेत. वडिलांच्या कबरीवरून परतताना राजा इथे थांबायचा, कारण याच्या पलीकडे उतरलं की ती टेकडी दिसेनाशी होते. पुढचे निघायची वाट पाहायचे. तो म्हणायचा, हळू. म्हणून खिंडीचं नाव जिजिदे. जिजि म्हणजे हळू, हळू.

या थांबण्याचा रोज कुणाला मिळाला नाही, कुठल्या वहीत त्याचा हिशोब नाही. ओढ्यावर धुतलेल्या पानांनंतर वडिलांबद्दल त्याने या रस्त्यावर ठेवलेला एवढाच शब्द.

बस चढ चढते. चालक गती कमी करत नाही. तुमच्या शेजारचा मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. खिंड संपायला काही क्षण उरलेत, आणि मागे अंधारात काही दिसणार नाही हे माहीत असूनही तुम्ही सीटवर वळून बसता.